निसटलेला ‘ट’

चीनमध्यें विद्यापीठ-प्रवेशाची ‘गाओकाओ’ परीक्षा दर जूनमध्यें होते. तींतील इंग्रजीच्या १५० गुणांपैकीं सामान्यतः ३० श्रवणाचे व ५० वाचनाचे. वाचतांना चुकलेली ओळ पुन्हां पाहतां येते. श्रवणाच्या आरंभींचे पांच संवाद मात्र एकदांच ऐकवितात. गेलेला शब्द गेलाच, आणि त्याबरोबर दीड गुण!

दोष आळसाचा नव्हे, कानाच्या संवयीचा. मँडरिनमध्यें अक्षर बहुतेक स्वरानें, नाहीं तर अनुनासिकानें संपतें; म्हणून ‘कॅन्ट’ मधील ‘ट’ निसटतो व नकाराचा होकार होतो. (आपणही ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच ‘व’ मध्यें कोंबतोंच कीं!) माझ्या मतें उतारा प्रथम ऐकावा, मग तोच वाचावा, शेवटीं पुस्तक मिटून पुनः ऐकावा. तो ‘ट’ बहुधा तिसऱ्या खेपेस सांपडतो.