लेथचा झिजलेला बेड

कारखान्यांत एखादा दांडा कातून झाला आणि मापून पाहतां त्याचें एक टोक दुसऱ्याहून जाड निघालें, कीं पहिला बोल टर्नरला लागतो. त्याचा हात सैल आहे, त्याचें लक्ष नाहीं, असें मालक म्हणतो. बिचारा टर्नर पुढच्या दांड्यावर दुप्पट काळजी घेतो, तरी तोच दोष पुन्हां उमटतो. अशा वेळीं दोष हाताचा नसून हाताखालच्या बिडाचा असण्याचा संभव फार असतो. तो तपासून कसा पाहावा, आणि खरा ठरल्यास त्यावर उपाय कोणता, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

बेड म्हणजे लेथचा लांब, आडवा, बिडाचा कणा. त्याच्या पाठीवर लांबीभर रूळ असतात; त्यांतील कांहीं सपाट, तर कांहीं घराच्या आढ्यासारखे दोहों बाजूंस उतरते असतात. या रुळांवरून सॅडल सरकतें, आणि सॅडलवरचें हत्यार ज्या रेषेनें जाईल तीच रेषा दांड्यावर उमटते. सुमारें १८०० सालीं लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले यानें स्क्रू कातण्याचा लेथ सिद्ध केला, त्याच्या यशाचें एक मर्म हत्यार हातांतून काढून सरळ मार्गावर बसविण्यांत होतें. तो मार्गच वांकडा झाला तर? गवंड्याचा गुण्या चुकीचा असेल, तर हात कितीही सराईत असला तरी कोपरा काटकोनांत येणार कोठून?

रूळ सर्वत्र सारखे झिजत नाहींत, आणि खरी अडचण हीच आहे. बहुतेक कामें आंखूड असतात. म्हणून सॅडलची ये-जा चकच्या पुढच्या हात-दीडहात जागेंत अधिक होते. तेथेंच बिडाचा चुरा आणि ओतकामावरची वाळू तेलांत मिसळून घासण्याचें उटणें तयार होतें. दूरच्या टोकाचा भाग मात्र जवळजवळ नव्यासारखा राहतो. सॅडलखालच्या पट्ट्या चकजवळ बेताच्या आवळल्या आणि तेंच सॅडल टेलस्टॉककडे नेतांना अडकूं लागलें, तर तेथें झीज झाली असें समजावें.

झिजेचा परिणाम पाहतांना एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा कातीत असतां हत्यार मध्यापासून ०.१ मिलिमीटर खालीं गेलें, तर व्यासांतील फरक एक हजारांश मिलिमीटरहूनही कमी असतो. परंतु तेंच हत्यार ०.१ मिलिमीटर आडवें सरकलें, तर व्यास ०.२ मिलिमीटरनें चुकतो. आढ्यासारख्या रुळाची एक उतरण दुसरीपेक्षां अधिक झिजली, कीं सॅडल खालीं जातांजातां आडवेंही सरकतें. म्हणून बोटाला लागणाऱ्या पायरीपेक्षां न दिसणारें हें आडवें सरकणेंच अधिक घातक होय.

तथापि बेड लगेच ग्राइंडिंगला पाठविण्याची घाई करूं नये. पायांखालची जमीन खचली, तर बेडाला पीळ पडतो आणि तो झिजेसारखाच भासतो. म्हणून प्रथम मीटरभर लांबींत ०.०२ मिलिमीटरचा चढउतार दाखविणारी पाणसळ सॅडलवर आडवी ठेवून, सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावें आणि पायांचे स्क्रू हलवून पीळ काढावा. नंतर चकमध्यें एक जाड दांडा धरून, दुसऱ्या टोकाला आधार न देतां, हलका कट घेऊन तो कातावा. पिळामुळें दांडा बहुधा एकसारखा निमुळता होतो. झिजेमुळें त्याचा व्यास मधेंच कमीजास्त होतो. कित्येक लेथ नुसत्या पाणसळीनेंच सुधारतात, आणि मालकाचा मोठा खर्च वांचतो.

झीज निश्चित ठरली, तर उपाय दोन आहेत. पहिला हातानें खरवडण्याचा. सरळपट्टीला निळा रंग लावून ती रुळावर फिरवावयाची, आणि जेथें रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरनें काढावयाचा. खरी सपाटी मिळविण्याची ही विद्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें मांडली. दोनच पाटे एकमेकांवर जुळविले तर एक फुगीर व दुसरा खोलगट राहूनही ते चपखल बसतात. तीन पाटे आळीपाळीनें जुळविले म्हणजेच तिन्ही सपाट होतात. दुसरा उपाय मोठ्या यंत्रावर ग्राइंडिंग करण्याचा. रूळ तापवून कठीण केलेले असतील, तर स्क्रेपर त्यांवर चालत नाहीं. तेथें ग्राइंडिंगच करावें लागतें, आणि कठीण थर संपूं नये याची काळजी घ्यावी लागते.

ग्राइंडिंगचें काम देतांना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्या. बेड यंत्रावर न झिजलेल्या भागांच्या आधारें जुळवावा. तो जबरीनें आवळून सरळ करूं नये. कारण बंधन सुटतांच तो मूळ आकार घेतो. कट हलका असावा. कारण तापलेली पाठ फुगते, त्या स्थितींत ती सपाट केली तर निवाल्यावर खोलगट होते.

काम येथें संपत नाहीं. रूळ अर्धा मिलिमीटर खालीं गेला, तर सॅडलही तितकें उतरतें, आणि लीडस्क्रू, त्याचा नट व दांतेरी पट्टी यांचा मेळ बिघडतो. यासाठीं सॅडलच्या तळाला टेफ्लॉनयुक्त पट्टी चिकटवून तें मूळ उंचीवर आणतात, आणि तो तळ नव्या रुळाशीं खरवडून जुळवितात. टेलस्टॉकचें केंद्र हेडस्टॉकच्या रेषेंत आहे कीं नाहीं, हेंही पुन्हां तपासावें लागतें. केवळ बेड चकचकीत होऊन आला म्हणून लेथ सुधारला असें मानणारा मालक बहुधा फसतो.

हा खटाटोप करावा कीं लेथ भंगारांत द्यावा? स्पिंडलचीं बेअरिंगें आणि गिअरही गेले असतील, तर भंगारच बरें. परंतु १९४१ सालीं हरिहर येथें निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे, अथवा १९५३ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सचे जड लेथ लहान कारखान्यांच्या हातीं आले आहेत. त्यांचें बीड इतक्या वर्षांत लोणच्यासारखें मुरलें आहे. त्यांतील ताण बराचसा निवलेला असल्यानें एकदां सरळ केलेला बेड पुन्हां वांकण्याची भीति कमी.

आणि मालकानें आणखी एक हिशेब करावा. लेथ दुरुस्त होऊन पहिला दांडा दोन्ही टोकांना सारखा उतरला, तर इतके दिवस टर्नरला लागलेला बोल खोटा होता, हें त्याच दिवशीं सर्वांसमक्ष कबूल करण्यास पैसा लागत नाहीं.