जुन्या बोअरला नवी मोटार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, वडवणी येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू पुण्यात नेमकं काय करतोस ते एकदा सगळ्यांना कळेल असं सांग." गावाकडं आलो की हा प्रश्न हमखास येतो आणि "कॉम्प्युटरचं काम" एवढ्यावर मी सुटतो. आज दहा मिनिटं मिळाली आहेत, तर नीट सांगतो.

कॉम्प्युटरच्या आत कर्नल नावाचा मूळ प्रोग्रॅम असतो. मेमरी कुणाला किती, प्रोसेसरवर पाळी कुणाची, हे तो ठरवतो. नेटवर्क कार्ड, प्रिंटर, कॅमेरा अशा वस्तूंशी बोलणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. नवी वस्तू बाजारात आली की तिचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी लिहितात. तोच जुन्या कर्नलमध्ये चालेल असा करून बसवणं म्हणजे बॅकपोर्ट. माझी रोजीरोटी त्यावर आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या बोअरला नवी मोटार बसवायची. मोटारीचं तोंड आणि जुना पाइप यांचं माप जुळत नाही. मग आपण बोअर नवा पाडत नाही, मध्ये रिड्यूसर घालतो. मी असे रिड्यूसर बनवतो.

लिनक्स हा कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीला विद्यार्थी असताना सुरू केला. १९९२ पासून तो जीपीएल परवान्याखाली आहे. म्हणजे कुणीही तो वाचावा, बदलावा. मात्र बदललेला दुसऱ्याला दिला तर त्याचा सोर्सही द्यावा. हा हक्क नसता तर माझं काम सुरूच झालं नसतं. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. बाहेरचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम. पण कर्नलच्या आतली रचना केव्हाही बदलू शकते. जो बदलतो, तोच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून देतो. त्यामुळं पुढं जाणाऱ्याची सोय होते. मागं राहिलेल्याची सोय ज्याची त्यानं बघायची.

आता तुम्ही म्हणाल, मग नवा कर्नलच टाका की! बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण एक प्रसंग सांगतो.

मराठवाड्यातल्या एका दवाखान्यात रक्त तपासण्याच्या यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. जुना मिळेना म्हणून नवा बसवला. यंत्र चालू झालं, पण नेटवर्क बंद. नव्या बोर्डावरच्या नेटवर्कचा ड्रायव्हर त्या जुन्या कर्नलमध्ये नव्हताच. वेगळं कार्ड लावावं, तर एकुलता एक स्लॉट यंत्राच्या कार्डानं अडवलेला. कर्नल बदलावा, तर यंत्राचा स्वतःचा ड्रायव्हर त्याच जुन्या कर्नलसाठी बनवलेला आणि त्याचा सोर्स कुणाकडं नाही. तोवर सिस्टर प्रत्येक आकडा हातानं उतरवून वॉर्डात नेत होत्या. हिमोग्लोबिन ७.१ आहे की १.७, हे अक्षरावर अवलंबून राहिलं, तर काय होईल ते तुम्हीच समजा.

तिथं मी नव्या कर्नलमधला ड्रायव्हर घेऊन बसलो. पहिल्यांदा बनवायला गेलो तेव्हा चुकांची यादी पानभर आली. त्यातली एकच सांगतो. ड्रायव्हरला ठरावीक वेळानं केबल जोडलेली आहे का ते बघावं लागतं, त्यासाठी टायमर असतो. पूर्वी टायमर वाजला की कामाच्या फंक्शनला एक आकडा मिळायचा, समजा मालकाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत ती पद्धत काढून टाकली. आता घड्याळच हातात देतात, ते कुणाच्या घरचं हे फंक्शननं ओळखायचं. जुन्या कर्नलला ही नवी रीत माहीत नाही. मग उपाय असा, की जुन्या चिठ्ठीवर घड्याळाचाच पत्ता लिहून द्यायचा. दोन-तीन ओळींचं काम, पण ते सुचायला दोन्ही काळचे कर्नल वाचावे लागतात.

हे काम जगभर चालतं. रेड हॅट कंपनीची लिनक्सची सातवी आवृत्ती २०१४ मध्ये ३.१० कर्नलवर आली आणि तिचा नेहमीचा सांभाळ जून २०२४ पर्यंत झाला. आकडा ३.१० चाच राहिला, आत मात्र नवे ड्रायव्हर येत गेले. या कंपनीचं पुण्यातही मोठं कार्यालय आहे. बॅकपोर्टसाठी लोकांनी मिळून चालवलेला प्रकल्पही आहे. त्यात कॉक्सिनेल नावाचं फ्रान्समध्ये तयार झालेलं अवजार वापरतात. एकाच तऱ्हेचा बदल ते शेकडो ठिकाणी करून देतं. कॉक्सिनेल म्हणजे आपला कपाशीवरचा मावा खाणारा ढालकिडा!

ड्रायव्हर बनला म्हणून काम संपत नाही. कर्नलच्या आत चूक झाली तर अख्खं मशीन बंद पडतं. त्याहून वाईट म्हणजे ते चालू राहतं आणि चुकीचा आकडा पाठवतं. म्हणून रात्रभर फायली पाठवून दोन्हीकडच्या ताडून पाहिल्या, चालू कामात केबल उपटली, मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. मगच रिपोर्ट नेटवर्कवरून जाऊ लागले. तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचा नाही, हेही लिहून दिलं. जुना कर्नल सुरक्षेच्या दृष्टीनं कच्चा असतो. एक वस्तू चालू केली म्हणून तो नवा होत नाही.

या कामातली सगळ्यात चिकट गोष्ट म्हणजे एक भाग आणायला गेलं, की तो ज्यावर उभा आहे तेही आणावं लागतं. आपल्या वर्गात दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी व्हायची. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. गणिताचे सर त्यांना नववीचं समीकरण शिकवायच्या आधी सातवीतलं हुकलेलं वजा चिन्ह शिकवायचे. "तू मागं राहिलास" असं कधी म्हणाले नाहीत. पोराकडं काय आहे ते बघायचे आणि तिथून पूल बांधायचे. सर, मी तुमचाच धडा गिरवतोय.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेतले जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायचं चाललंय असं कानावर आलं. देण्याआधी मला दोन दिवस द्या. ज्यांच्यावर नवं लिनक्स चालेल त्यांच्यावर ते टाकू. ज्यांचं एखादंच कार्ड अडतंय त्यांचं मी बघतो. जे खरंच संपलेत ते खुशाल भंगारात जाऊ द्या. आणि नववी-दहावीची चार पोरं-पोरी माझ्याबरोबर बसवा. मशीन उघडून, सोर्स वाचून दुरुस्त करता येतं, हे त्यांनी या वयात पाहिलं पाहिजे.