पावसाळी शिबिरातील शेकोटी
(वर्षाकालीन युवक शिबिराच्या पूर्वतयारीप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. याच दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याशी तरुणांच्या पदयात्रा निघतात. दिवसभर भिजलेल्या, वाऱ्याने काकडलेल्या माणसाच्या अंगातील ऊब झपाट्याने ओसरते. प्रथम कापरे भरते, मग बोबडी वळते, पुढे विचारशक्तीही मंदावते. अशा वेळी शेकोटी ही केवळ करमणूक राहत नाही. ती प्राणरक्षक ठरते.

ओले लाकूड पेटत नाही, याचे कारण साधे आहे. काडीची उष्णता आधी लाकडातील पाणी घालविण्यात खर्ची पडते. बर्फाइतक्या थंड पाण्याला उकळी आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ होण्यास लागते. म्हणूनच पावसातील शेकोटीचे यश काडी ओढण्यापूर्वीच ठरलेले असते.

जमिनीवर पडून भिजलेले सरपण घेऊ नये. झाडाच्या बेचक्यात अडकलेली वाळकी फांदी शोधावी. ती बाहेरून ओली असली, तरी कोयत्याने उभी चिरल्यावर आत बहुधा कोरडी निघते. साल काढून आतल्या गाभ्याच्या बारीक ढलप्या कराव्यात. काडीइतक्या, बोटाइतक्या आणि मनगटाइतक्या जाडीच्या लाकडांचे तीन वेगळे ढीग रचून ते आडोशाला झाकून ठेवावेत. नारळाचा सुका काथ्या, करवंट्या, मेणबत्तीचा तुकडा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात आगपेटी, एवढे घरूनच न्यावे. आगपेटीची घासावयाची बाजू ओलावली, तर कोरडी काडीही निरुपयोगी ठरते, हे ध्यानी असावे.

चिखलावर जाड लाकडांचा थर अंथरून त्यावर काथ्या व ढलप्या मांडाव्यात. ज्योत स्थिर होईपर्यंत बारीक काड्याच घालाव्यात. घाईने टाकलेला एक ओंडका सारे श्रम वाया घालवितो. ओली लाकडे सभोवती ठेवल्यास शेकोटीच त्यांना वाळविते.

धीर सुटला की काहींचा हात रॉकेलच्या डब्याकडे जातो. धुमसत्या निखाऱ्यांवर रॉकेल ओतणे म्हणजे भडक्याला निमंत्रण होय. ओढ्यातील भिजलेले दगड चुलीला लावू नयेत; ते तापून फुटण्याचा संभव असतो. पाऊस कितीही कोसळो, बंद तंबूत निखारे मुळीच नेऊ नयेत. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन असतो आणि झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधीही देत नाही.

अभयारण्यात व राखीव वनात वनखात्याच्या अनुमतीवाचून शेकोटी पेटवू नये. निघताना राखेवर पाणी ओतून ती ढवळावी आणि हाताला थंड लागल्यावरच मुक्काम हलवावा. शेकोटी पेटविणाऱ्याचे कर्तव्य ती पूर्ण विझविल्यावरच संपते.