स्थळांची पारख आणि अतिचिकित्सा



विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक प्रमुख संस्कार. तो विचारपूर्वक व्हावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. स्थळाची चौकशी करणे हे मातापित्यांचे कर्तव्यच होय. परंतु चौकशीची चिकित्सा होते, चिकित्सेची अतिचिकित्सा होते आणि तिच्यापायी उपवर मुलामुलींची उमेदीची वर्षे निघून जातात, तेव्हा ‘अति तेथे माती’ या म्हणीची आठवण होते.

पत्रिकेचेच उदाहरण घ्यावे. गुणमेलनात एकूण 36 गुण. त्यांपैकी 18 जुळले तरी विवाहास अनुमती मिळते. म्हणजे ज्या परंपरेच्या आधारे स्थळे नाकारली जातात, ती परंपरा स्वतः निम्म्यावर समाधान मानते! पूर्णत्वाचा आग्रह शास्त्राचा नव्हे, माणसांचा. पुष्कळदा तर मन वर्णावरून वा वेतनावरून फिरलेले असते आणि ‘पत्रिका जुळत नाही’ हे सभ्य निमित्त पुढे केले जाते.

कमठाण्यासारख्या सीमाभागातील गावी मराठी घरांच्या स्थळांचे क्षेत्र आधीच मर्यादित. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बीदर, भालकी म्हैसूर राज्यात गेली आणि उदगीर, निलंगा मुंबई राज्यात. सरहद्द आखली गेली, तरी सोयरिकी तिला ओलांडून होत राहिल्या. आता मात्र कुटुंबांनीच नव्या सरहद्दी आखल्या आहेत. नोकरी पुण्याची वा बेंगळुरूची हवी, सदनिका स्वतःची हवी. शेती असावी, परंतु शेतात राबणारा जावई नको!

21 डिसेंबर 2022 रोजी सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये मंड्याकडील शेतकरी तरुण वधू मिळावी म्हणून मलेमहदेश्वराच्या डोंगरी पायी गेले. या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. मात्र सारा दोष मुलींच्या अपेक्षांवर टाकणे न्यायाचे नव्हे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ 807 मुली होत्या. ज्या समाजाने गर्भातच निवड आरंभिली, त्याने मुलींच्या निवडीस नावे ठेवावीत हे शोभत नाही. शिवाय चालून दाखव, गाऊन दाखव, केस दाखव, अशी परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या मुलींनीच दिली आहे.

थोर ज्योतिर्विद योहानेस केप्लर याची कथा येथे उद्बोधक ठरेल. प्रथम पत्नीच्या 1611 मधील निधनानंतर त्याने सुमारे दोन वर्षांत अकरा स्थळांचा विचार केला. ग्रहांच्या कक्षा गणिताने शोधणारा हा पुरुष येथे गोंधळला! शेवटी 1613 मध्ये तो पाचव्या स्थळाकडेच परतला. ती कन्या अनाथ होती. स्नेह्यांना तिचा सामाजिक दर्जा कमी वाटला. केप्लरने तिची नम्रता, काटकसर आणि सावत्र मुलांविषयीची माया पाहिली.

आपल्या महाभारतातील सावित्रीचे उदाहरण याहून उदात्त. पित्याच्या आज्ञेने ती स्वतः वरसंशोधनास निघाली. तिने निवडलेल्या सत्यवानाचे राज्य गेलेले, पिता अंध, आणि आयुष्य एकच वर्षाचे, असे नारदांनी सांगितले. तरी तिचा निश्चय ढळला नाही. तिने दोषरहित स्थळ शोधले नाही. गुण पाहून निश्चय केला आणि तो निभावला. निवड क्षणाची असते, निभावणे जन्माचे.

तात्पर्य, काही गोष्टींत तडजोड मुळीच नसावी: सचोटी, निर्व्यसनीपणा, आरोग्य, स्त्रीविषयी आदर आणि उभयतांची मनःपूर्वक संमती. वर्ण, उंची, वेतनाचा आकडा आणि मानपान या गोष्टी मात्र गौण मानाव्यात. वडीलधाऱ्यांच्या नकाराची किंमत वडीलधारे मोजत नाहीत. ती घरात वाट पाहणारा मुलगा वा मुलगी मोजत असते. हे ध्यानी घेऊन योग्य वेळी होकार देण्याची बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.