एक घर, पाच भाव : स्वागताध्यक्षीय भाषण

नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर आणि पुण्याहून आलेले व्यवसायबंधू आणि भगिनींनो,

स्वागताध्यक्षानं आपल्या गावाचं, म्हणजे भोपाळचं, कौतुक करायचं असतं. पण तलाव आपण येताना पाहिलाच आहे, आणि सांची-भीमबेटक्याच्या गाड्या उद्या सकाळी निघणार आहेत, तेव्हा ते काम मी गाइडवर सोपवतो आणि आपल्या घरखरेदी-विक्रीच्या धंद्याच्या नजरेनं हे गाव थोडं दाखवतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेर-इंदूरच्या दप्तरांतून बदलीवर मराठी कुटुंबं इथं आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आजचं भेल, उभं राहिलं आणि पिपलानी-बरखेड्याच्या क्वार्टरांतही मराठी नावांच्या पाट्या लागल्या. आधी सरकारी घर, मग निवृत्ती जवळ आली की अरेरा कॉलनीत नाहीतर हाउसिंग बोर्डाचं स्वतःचं. त्या पिढीची मुलं आज पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत आहेत. घर मात्र इथंच आहे. भोपाळच्या कुठल्याही जुन्या एजंटाची वही उघडा, अशी एक ओळ हमखास सापडेल : ‘ई-७, पूर्वमुखी, लीज, किल्ली शेजारी, मालक पुण्याला, फोन रविवारीच करणे.’

या मालकाचं पुढं काय होतं ते सांगतो. दिवाळीत तो चार दिवस येतो आणि पाच एजंटांना भेटतो. सगळं तोंडी. ‘ऐंशी लाख आले की कळवा,’ म्हणतो आणि परत जातो. पहिला एजंट घासाघीस होणारच म्हणून पोर्टलवर पंच्याऐंशी टाकतो. दुसरा फोन वाजावा म्हणून शहात्तर टाकतो. तिसरा ‘भाव बोलून ठरेल’ लिहितो. चौथ्याकडे फोटो नसतात, तो दुसऱ्याचे उचलतो. पाचवा व्हॉट्सॲपच्या सतरा ग्रुपांवर ढकलतो. घेणारा रात्री मोबाइल घेऊन बसतो. त्याला एकच फाटक, एकच कडुलिंब आणि तीच गंजलेली सिंटेक्सची टाकी निरनिराळ्या भावांत दिसते. तो काय समजतो? मालक अडचणीत आहे, नाहीतर घरात खोट आहे. दोन्ही खोटं, पण भाव पडतो. आणि घर विकल्यावरही जाहिरात निघत नाही, कारण तिच्यावर फोन येत राहतात. ‘ते गेलं साहेब, पण तसंच दुसरं दाखवतो.’ आपल्यापैकी हे वाक्य कधीच न म्हटलेल्यानं हात वर करावा. नको, राहू द्या.

घेणाऱ्याचा वेळ, विकणाऱ्याचा भाव आणि आपली पत, तिन्ही एकाच वेळी बुडवणारी ही पद्धत आहे. म्हणूनच आजच्या परिषदेला विषय एकच ठेवला : सामाईक यादी.

कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले दलाल आपापल्या गावच्या संघटनेच्या कचेरीत जमत आणि हातातली घरं एकमेकांना सांगत. माझं घर तू विकलंस तर मेहनतान्यात तुझा वाटा, तुझं मी विकलं तर माझा. १९०८ साली शिकागोत त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. पुढं यादीचं पुस्तक झालं, पुस्तकाचा संगणक झाला. आज तिथं गावोगावच्या अशा याद्यांमध्ये घराची मागितलेली किंमत, ती कधी उतरवली, किती दिवस घर पडून होतं आणि शेवटी किती रुपयांना, म्हणजे डॉलरांना, गेलं, सगळं नोंदलेलं असतं. चुकीची नोंद केली तर सभासदाला दंड होतो.

आपल्याकडे असं का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, सॉफ्टवेअर नाही. हे मला पटत नाही. सॉफ्टवेअर एमपी नगरमधली पोरं महिन्याभरात करून देतील. अडचण भीतीची आहे. आपले मेसेज वाचा : ‘कोलार रोडजवळ डुप्लेक्स, ओनर डायरेक्ट, सिरियस पार्टीनंच फोन करावा.’ कुठली कॉलनी नाही, नंबर नाही, फाटकाचा फोटो नाही. का? पत्ता दिला की समोरचा सरळ मालकाचं दार ठोठावणार आणि पार्टी फोडणार. ही भीती खोटी नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ती टिकते, कारण मालकाकडून आपल्या हातात लेखी काहीच नसतं. तोंडी काम पाच जणांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. ज्याला घर विकण्याचं काम ठरावीक मुदतीसाठी एकट्याला आणि लेखी मिळालंय, तो पत्ता बिनधास्त सांगेल, चार सभासदांना किल्लीही देईल. त्याची बाजू कागदावर पक्की आहे. यादी त्या कागदातून जन्माला येते. आपण गेली काही वर्षं उलटं करतोय, आधी ॲप आणि मग विश्वास.

कायदा इथं मदतीला येईल का? अर्धाच. रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा २०१६ चा, आणि प्राधिकरण उभारण्यात आपलं मध्य प्रदेश अगदी पहिल्या राज्यांत होतं. पण त्यातलं कलम ९ नीट वाचा. एजंटाची नोंदणी सक्तीची आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायला. अरेरा कॉलनीतलं चाळीस वर्षांचं घर त्यात बसत नाही. रिसेलचा बाजार उघडाच आहे. महाराष्ट्रात महारेरानं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. पुण्याचे मित्र तेव्हा कुरकुरले, आज त्यातलेच काही प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागं लावतात. चांगलंच आहे. तरी यादी सरकार करून देणार नाही.

पोर्टलवाल्यांवर राग काढूनही भागणार नाही. २०१६ साली दलालांच्या एका महासंघानं मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग, नोब्रोकर वगैरेंविरुद्ध स्पर्धा आयोगाकडं तक्रार नेली, आणि आयोगानं ती चौकशीला न धाडता निकाली काढली. ठीकच झालं, असं माझं मत आहे. पोर्टल जाहिरातीचा फळा आहे, तो भाड्यानं मिळतो. त्यावरच्या नोंदीची जबाबदारी घेणं आपलं काम होतं.

आता नोंदीत काय हवं? भोपाळपुरतं सांगतो, बाकीच्यांनी आपापलं जोडावं. लीज की फ्रीहोल्ड, हा पहिला रकाना, कारण विकास प्राधिकरणाच्या आणि हाउसिंग बोर्डाच्या घरांचं निम्मं भांडण तिथंच असतं. नामांतरण झालंय का. सगळ्या वारसांच्या सह्या मिळतील का; एक भाऊ न्यू जर्सीत असेल तर मुखत्यारपत्र कुठं आहे. बँकेचा बोजा. नकाशा मंजूर आहे का आणि प्रत्यक्ष बांधकाम त्याच्याशी जुळतं का. बाहेरच्या कॉलन्यांत डायव्हर्शन, म्हणजे जमिनीचा वापरबदल, आणि टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची मंजुरी. २००५ सालासाठी आखलेल्या मास्टर प्लॅनवर पुढं कित्येक वर्षं रेटलेलं हे गाव आहे, त्यामुळे हे रकाने नुसते शोभेचे नाहीत.

सर्वांत अवघड रकाना शेवटचा आहे : घर कितीला गेलं. रजिस्ट्री कलेक्टर गाइडलाइनकडं, म्हणजे सरकारी दराकडं, बघून होते, व्यवहार दुसऱ्याच आकड्यावर होतो, हे या सभागृहात कुणाला शिकवायला नको. पुण्याच्या मंडळींना निदान दस्तनोंदणीच्या सूची क्रमांक दोनवर मोबदला आणि बाजारभाव शेजारी-शेजारी दिसतात. आपल्याकडे संपदा २.० ही नवी ई-रजिस्ट्री ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, कागद झपाट्यानं व्हायला लागले. पण खरा आकडा कुठल्याही संगणकात माणूसच भरतो. जो आकडा चेकनं दिला, तोच यादीत जाईल. दुसरा आकडा या यादीत नसावा, कुजबुजीतही नसावा.

अमेरिकेकडून दोन गोष्टी मात्र घ्यायच्या नाहीत. तिथं घेणाऱ्याच्या दलालाचा वाटाही यादीतच लिहिलेला असे आणि तो विकणाऱ्याच्या खिशातून जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरीतल्या ज्यूरीनं त्यावर १७८ कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय संघटनेनं ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि त्या ऑगस्टपासून तो वाटा यादीतून काढला. आपल्याकडे ज्यानं-त्यानं आपल्या बाजूचं घ्यायचं अशी रीत आहे, ती सोन्यासारखी आहे. कुणी आज ‘सर्वांनी दोन टक्केच घ्यावेत’ असा ठराव मांडणार असेल, तर स्पर्धा कायद्याचं कलम ३ वाचून मांडावा.

दुसरी गोष्ट जुनी आणि लाजिरवाणी आहे. १९२४ साली त्याच संघटनेच्या आचारसंहितेत, अमुक वंशाची माणसं वस्तीत आणू नयेत अशा अर्थाचं कलम होतं. आपल्याकडे असं कलम कुणी लिहीत नाही, फोनवर सांगतात : ‘पार्टी कोण आहे, आडनाव काय?’ हे गाव नवाबांचं, बेगमांचं, आणि आता साऱ्या देशातून आलेल्या नोकरदारांचं. यादीच्या नमुन्यात जातीचा, धर्माचा, खाण्यापिण्याचा रकाना नाही, आणि शेऱ्यातही तो कुणी घुसवू नये, असं स्वागत समितीचं मत आहे. यावर वाद झाला तर होऊ द्या.

कामाच्या लेखी कराराचा आणि नोंदीचा नमुना आपल्या खुर्चीवर ठेवला आहे. दोन जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या आहेत : मुदत ६० दिवस की ९०, आणि दुसऱ्याची पार्टी फोडणाऱ्या सभासदाला किती काळ यादीबाहेर ठेवायचं. आपल्या दुरुस्त्या पेनानं करून दुपारी तीनपर्यंत दाराशी बसलेल्या कार्यकर्त्यांकडे द्या. जेवण दीड वाजता आहे. भांडण त्यानंतर करू.