मोटारीचे इंजिन तापते तेव्हा



मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता पनवेल ओलांडल्यावर खोपोलीपर्यंत बहुतांशी सपाटीने जातो आणि तेथून बोरघाट चढू लागतो. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, हा घाट चाकांच्या गाड्यांना खुला झाला. कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. रस्ते बदलले, वाहने बदलली. सह्याद्रीचा चढ मात्र तोच राहिला. मे महिन्यात सुट्ट्या लागून आल्या की बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या मोटारी या घाटात आजही दिसतात. त्यांतील कित्येकींचा दोष घाटात उत्पन्न झालेला नसतो. तो घराच्या अंगणातच असतो. घाट तो केवळ उघडकीस आणतो. नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यासारख्या गावातून प्रवासास निघणाऱ्याने आदल्या दिवशी अर्धा तास खर्च केला, तर पुढील मनस्ताप पुष्कळ अंशी टळू शकतो.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एकतृतीयांश भाग शीतक द्रवाला, म्हणजे कूलंटला, वाहून न्यावा लागतो. पंप हा द्रव इंजिनमधून फिरवतो, रेडिएटरमध्ये तो निवतो आणि पुन्हा परततो. या फेऱ्यात कोठे तरी अडथळा आला की काटा लाल रेषेकडे सरकतो.

दुरुस्तीच्या आधी एक धोका सांगितलाच पाहिजे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीचे भावंड होय. आतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक बारने अधिक असतो, त्यामुळे साधे पाणीदेखील १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच हा दाब नाहीसा होतो आणि ११० अंशांवरचे पाणी क्षणार्धात वाफ होऊन तोंडावर उसळते. खंडाळ्याच्या उंचीवर तर पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते. म्हणून काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, आतील हीटर पूर्ण सोडावा (उकाडा सोसावा लागेल, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर पडेल), गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन थांबवावे आणि हात टेकवता येईल इतके ते निवेपर्यंत झाकणास स्पर्श करू नये. घाईने थंड पाणी ओतणारे मदतनीस रस्त्यावर नेहमीच भेटतात. तापलेल्या धातूला अशा पाण्याने तडा जाऊ शकतो, याची त्यांना कल्पना नसते.

घरी तपासणी करावी ती सकाळी, इंजिन थंड असताना. टाकीतील कूलंट दोन खुणांच्या दरम्यान आहे ना, हे प्रथम पाहावे. गाडीखाली हिरवट वा गुलाबी, किंचित चिकट ओल दिसली तर गळती आहे. वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी ठिबकले, तर त्याची चिंता नको. रबरी नळ्या फुगल्या वा चिरल्या आहेत काय, आणि पंप पट्ट्यावर चालत असेल तर तो सैल झाला आहे काय, हेही पाहावे.

यानंतर गाडी तापते केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा. केवळ वाहतुकीत खोळंबल्यावर तापत असेल आणि वेग घेताच निवत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्यावे. काटा मध्याच्या वर जाऊनही पंखा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले व तारेची जोडणी पाहावी. पुष्कळदा काही रुपयांचा फ्यूज हजारोंचे नुकसान घडवितो. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, तेव्हा बोटे दूर ठेवावीत. याउलट चढावर वा वेगात तापणाऱ्या गाडीचा रेडिएटर तुंबलेला असण्याचा संभव अधिक. बाहेरून धूळ व कीटक बसले असल्यास पाण्याच्या सौम्य धारेने, इंजिनच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवावे.

काटा चढला तरी रेडिएटरकडे जाणारी नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकलेला असावा. तो काढून तापमापकासह पाण्यात तापवावा. बहुधा ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, त्यावर कोरलेल्या अंकाच्या जवळपास, तो उघडला पाहिजे. तो कायमचा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. इंजिन सतत अपुरे तापले तर इंधन वाया जाते आणि झीज वाढते.

तेलाच्या झाकणाखाली दुधी फेस, धुराड्यातून सतत पांढरा धूर, टाकीत बुडबुडे ही लक्षणे हेड गॅस्केट गेल्याची. तेथे घरगुती प्रयत्न थांबवून गाडी ओढून न्यावी.

कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. हा द्रव गंज रोखतो आणि उत्कलनबिंदूही वाढवितो. विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असल्यास त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. तयार कूलंट नसेल, तर मूळ द्रव व क्षारविरहित पाणी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे.

जुना कूलंट मात्र गटारात सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते; कुत्री, वासरे ते चाटतात. गटारातून ते ओढ्याला, ओढ्यातून गाढी नदीला आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून ते गॅरेजकडे परत द्यावे. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये. घरात लहान मुले असतात.