गोखरू : नाव, बी आणि बंदोबस्त



मराठीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी शेतातल्या तणाचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु इंदूरच्या या शाळेत शिकलेल्या कित्येक कुटुंबांची शेती आजही माळव्यात आहे, आणि सोयाबीनच्या हंगामात त्यांच्या घरी ज्या शत्रूचे नाव वारंवार निघते, तो शत्रू म्हणजे गोखरू. शिवाय या शत्रूची ओळख पटवण्यातली पहिली अडचण शब्दाचीच आहे. तिथून सुरुवात करण्याचा अधिकार भाषेच्या अध्यापकाला असावा.

संस्कृतातील ‘गोक्षुर’, त्यापासून प्राकृतातील ‘गोक्खुर’ आणि त्यापासून आपले ‘गोखरू’. पण या नावाचा मूळ धनी म्हणजे सराटा. तो जमिनीसरपट पसरतो, त्याला पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात, आणि आयुर्वेदातील दशमुळांत त्याची गणना होते. सोयाबीनमध्ये उभे राहणारे तण अगदी निराळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले. खोड ताठ, पाने रुंद व खरखरीत, देठ लांब, आणि फळ आकड्यांसारख्या काट्यांनी भरलेले. त्याला मराठीत शंखेश्वर म्हणतात, लांडगाही म्हणतात. गुजरातीत त्याचे नाव गाडरियुं, आणि गाडर म्हणजे मेंढी. एका भाषेत लांडगा आणि शेजारच्या भाषेत मेंढी, अशी या वनस्पतीची भाषिक कुंडली आहे! लिनिअसने १७५३ साली तिला ‘झँथियम स्ट्रुमॅरियम’ असे शास्त्रीय नाव दिले.

ही नावांची चर्चा केवळ कोशकाराच्या करमणुकीची नाही. २००७ साली बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात अन्नाची टंचाई असताना गरीब कुटुंबांनी या तणाची कोवळी रोपे भाजी म्हणून शिजवून खाल्ली. तिकडे तिला ‘घागरा शाक’ म्हणतात. ७६ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १९ दगावली. या वनस्पतीच्या बियांत आणि नुकत्या उगवलेल्या दोन दलपत्रांत कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष असते. ते पेशींतील ऊर्जेची देवघेव थांबवते. रक्तातील साखर घसरते आणि यकृत निकामी होते. खरी पाने फुटू लागली की रोपातील विष कमी होत जाते. म्हणजे जे रोप सर्वांत कोवळे आणि लुसलुशीत दिसते, तेच सर्वांत घातक. पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी वासरे सोडणाऱ्याने आणि रानभाजी खुडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागेल.

आता या तणाचा जीवनक्रम पाहू. एकाच झाडावर नरफुलांचे गुच्छ वर आणि मादीफुले खाली पानांच्या बेचक्यात असतात. प्रत्येक काटेरी फळात दोन बिया असतात. त्यांतील एक मोठी, ती सहसा पहिल्याच अनुकूल पावसात उगवते. दुसरी लहान, ती एखादे वर्ष, कधी त्याहून अधिक काळ, निद्रिस्त राहते. पहिलीचा वंश खुरप्याखाली संपला, तरी दुसरी शिल्लक असतेच. यंदा शेत स्वच्छ केले, पुढच्या वर्षी पुन्हा गोखरू कुठून आले, या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी या दुसऱ्या बीमध्ये आहे.

या वनस्पतीला रात्र मोजता येते, हेही नवल आहे. १९३८ साली अमेरिकेत हॅमनर आणि बॉनर या संशोधकांनी तिच्यावरच प्रयोग करून दाखवले की, फुलण्याचा आदेश तिला दिवसाच्या उजेडातून मिळत नाही. तो अखंड अंधाराच्या लांबीतून मिळतो. पुरेशी लांब अशी एकच रात्र तिला फुलोऱ्याकडे वळवते, आणि त्या रात्री मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तर तो परिणाम नाहीसा होतो. शेतकऱ्याला याचा अर्थ असा की, उशिरा उगवलेले वीतभर रोपही रात्री वाढू लागताच फळे धरते. ‘एवढेसे तर आहे’ म्हणून ते सोडून देणे परवडत नाही.

माळव्याच्या काळ्या जमिनी पूर्वी पावसाळ्यात पड ठेवून वखरल्या जात आणि रब्बीत गहू-हरभरा घेतला जाई. १९७० नंतरच्या दशकांत सोयाबीन आले आणि पावसाळा हाच पिकाचा हंगाम झाला. गोखरूचाही हंगाम तोच. सोयाबीन कमरेखाली राहते. गोखरू त्याच्या डोक्यावर जाऊन ऊन अडवते.

म्हणून बंदोबस्त वेळेत हवा. पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत पीक तणमुक्त राहिले पाहिजे. पेरणीनंतर लगेच जमिनीवर फवारायची तणनाशके येथे अपुरी पडतात, कारण मोठे बी चार-पाच बोटे खोलीवरूनही वर येते. उगवणीनंतर इमॅझेथापायरसारखी औषधे वापरली जातात; पण त्यांच्यावरच विसंबणे धोक्याचे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सोयाबीनमध्येच, याच रासायनिक कुळातील औषधाला न जुमानणारे गोखरू आढळले. तेव्हा कोळपणी आणि निंदणी यांना पर्याय नाही. फळे धरण्यापूर्वी झाड उपटावे. फळे धरली असतील तर बांधावर न टाकता गोळा करून जाळावे.

मित्रकीटकांचेही साहाय्य आहे, पण बेताचे. गाजर गवतासाठी मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला. तो गोखरूची पानेही खातो, परंतु त्याचे मुख्य खाद्य गाजर गवतच. ऑस्ट्रेलियात उपयोगी पडलेला, खोडावर गाठी करणारा एक पतंग आपल्याकडेही तपासला गेला. तो कारळ्यावर वाढतो असे दिसल्याने सोडला नाही. तणाचा शत्रू आपल्या पिकाचा मित्र असेलच असे नाही, हे शास्त्रज्ञांनी आधी पाहिले, हे योग्यच झाले.

शेवटी एकच सांगतो. गोखरूचे फळ मेंढीच्या लोकरीला चिकटून गावोगाव जाते आणि ओढ्याच्या पाण्यावर तरंगत खालच्या शेतात उतरते. एकट्याने आपले शेत निंदून भागत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाचे शेत, गावठाण आणि रस्त्याची कड हीही त्याच आठवड्यात स्वच्छ व्हावी लागतात, आणि हे लागोपाठ काही वर्षे करावे लागते. आपल्यापैकी ज्यांच्या गावी जमीन आहे, त्यांनी या पावसाळ्यात शेजाऱ्यांना एकत्र बसवून एवढा एक दिवस ठरवावा. दुसऱ्या बीला पुरून उरेल इतका आपला धीर असला पाहिजे.